नाकामागून येणारे रक्त

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, तेव्हा रक्त बहुतेक वेळा नाकाच्या पुढच्या भागातून येते आणि नाकपुड्या दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरल्या की थांबते. हाँगकाँग आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले कान-नाक-घसा तज्ज्ञ ज्या रक्ताकडे सावधपणे पाहतात, ते मात्र मागून घशात उतरते. सकाळी खाकरल्यावर कफात दिसणारी लाल रेघ, एकाच कानाला बसलेला दडा किंवा मानेत वरच्या बाजूला आलेली न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही प्रौढ माणसात टिकून राहिले, तर तिथे नाकातून दुर्बीण घालून तपासतात. तेव्हा पडद्यावर कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडामागे एक खोलगट खाच दिसते आणि नाकामागच्या घशाचा कर्करोग बहुधा इथेच सुरू होतो.

एपस्टाइन-बार विषाणू, आनुवंशिकता आणि लहानपणापासून खाल्लेले खारवलेले मासे यांच्याशी या रोगाचा संबंध आहे. आपल्याकडे तो एरवी विरळा असला, तरी नागालँडमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे.

रक्त आले म्हणजे आशा संपली, असे मुळीच नाही. पुढचे आयुष्य ठरते ते गाठ किती पसरली आहे यावर, आणि पहिल्या टप्प्यात निदान झाल्यास रेडिएशननंतर पाच वर्षांनी दहापैकी सुमारे नऊ रुग्ण हयात असतात. हाँगकाँगमध्ये लक्षणे नसलेल्या २० हजारांहून अधिक पुरुषांच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३४ जणांना कर्करोग आढळला आणि त्यांतले बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांत होते.

उपचारांनंतर, कधी काही वर्षांनीही, होणाऱ्या रक्तस्रावाचा अर्थ वेगळा असतो आणि तो घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते. रेडिएशनने, विशेषतः ते दुसऱ्यांदा द्यावे लागले असेल तर, तिथल्या ऊती झडू शकतात आणि मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रोहिणीची भिंत उघडी पडून फुटू शकते. अशा रक्तस्रावात काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्याआधी कधीकधी थोडे रक्त येऊन आपोआप थांबते. ते थांबले तरी लगेच मोठे रुग्णालय गाठावे आणि पूर्वी रेडिएशन झाल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. तिथे रोहिणीत आच्छादित स्टेंट (आवरण असलेली जाळीदार नळी) बसवतात किंवा ती कायमची बंद करतात. वेळ मिळाल्यास त्यापूर्वी आत छोटा फुगा फुगवून, दुसऱ्या बाजूचे रक्त मेंदूला पुरते का, हे रुग्ण शुद्धीत असताना पाहतात.