टाकावरचा कुत्रा आणि भिंतीवरचं डुक्कर

(इंदूरच्या आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

मंडळी नमस्कार, तिळगूळ घ्या, गोड बोला.

मला विषय दिला होता ‘आपले सण आणि पुढची पिढी’. चार पानं लिहूनही काढली होती, ती घरी टेबलावर ठेवून आलोय. कारण चंपाषष्ठीला आमच्या घरी जे झालं ते महिना उलटला तरी डोक्यातून जात नाहीये, ते गिळून सणांबद्दल गोड गोड बोलणं मला आज जमणार नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा, इथे बसलेल्या कित्येकांचं तेच असेल. सहा दिवस त्याचं नवरात्र, घट, रोज माळ, सहाव्या दिवशी भरीत-रोडगा आणि तळी, तुम्हाला सांगायला नको. तर त्या दिवशी सकाळी आई देव घासायला बसली आणि तिचं लक्ष समोर गेलं. घर लहान आहे, देवघर म्हणजे हॉलमधलाच कोनाडा, आणि त्याच्या बरोब्बर समोर माझ्या मुलीचं अभ्यासाचं टेबल. अकरावीत आहे. तिने रात्रीतून भिंतीवर एक पोस्टर लावलं होतं. मातकट पिवळं आभाळ, खाली विटांची अवाढव्य इमारत, तिची चार उंच धुराडी, आणि धुराड्यांच्या मधे हवेत तरंगणारं एक डुक्कर. नखाएवढं असेल, पण आईला तेवढंच दिसलं.

“नवरात्रात देवासमोर डुक्कर?”

मुलगी म्हणाली, “आजी, वराह अवतार म्हणजे कोण? आणि तुझ्या खंडोबापाशी कुत्रा चालतो ना?”

बायको म्हणाली, अगं आजच्या दिवस काढ. मी म्हणालो, काढ, आपल्यात चालत नाही. ती म्हणाली का. मी म्हणालो, चालत नाही म्हणजे नाही, संध्याकाळी तळीला लोक येणारेत, काय म्हणतील. त्यावर तिने माझ्याकडे बघितलं, आवाज अजिबात चढवला नाही, आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळे ना, मेंढ्या आहात.”

मी ओरडलो. खूप ओरडलो. पोस्टर तिने काढलं नाही, आणि तळीला ती बाहेरच आली नाही. आम्ही पाच जणांनी ताम्हन उचललं, येळकोट येळकोट जय मल्हार केलं, आणि माझं सगळं लक्ष आतल्या खोलीच्या बंद दाराकडे.

मेंढ्या हा शब्द एवढा का लागला याचा मी नंतर बराच विचार केला. एक तर पोटच्या पोरीने म्हटलं. आणि दुसरं, तिला त्यातून काय म्हणायचंय हे मला कळलंच नव्हतं, नुसती शिवी वाटली. दोन दिवसांनी मी तिच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, हे काय आहे ते मला ऐकव. तिने इयरफोनचं एक टोक मला दिलं आणि पाऊण तास आम्ही काही न बोलता बसलो होतो.

तर ते पोस्टर म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडच्या १९७७ सालच्या अल्बमचं कव्हर. अल्बमचं नावच ‘ॲनिमल्स’. माणसांच्या तीन जाती केल्यात त्यात, कुत्रे, डुकरं आणि मेंढ्या. कुत्रे म्हणजे धंद्यातले, नोकरीतले ते लोक जे दुसऱ्याच्या नरड्याचा घोट घेऊन वर चढतात, हसून हात मिळवतात आणि पाठ फिरली की चावतात, आणि म्हातारपणी एकटे मरतात. ते गाणं सतरा मिनिटांचं आहे आणि त्यात कुत्र्यांचं भुंकणं यंत्रातून काढून असं घातलंय की थोड्या वेळाने कुत्रा रडतोय का माणूस ते कळेनासं होतं. डुकरं म्हणजे वर बसून इतरांनी कसं वागावं ते शिकवणारे. आणि मेंढ्या म्हणजे खाली मान घालून चरणारे, कळप जाईल तिकडे जाणारे. आपण इंदूरवाले भेड़चाल म्हणतो ना, तेच.

कल्पना मुळात जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरून सुचलेली, १९४५ ची, ‘ॲनिमल फार्म’, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. हा ऑर्वेल जन्मला आपल्या बिहारात, मोतिहारीला. त्याचा रोख स्टालिनच्या रशियावर होता. या बँडचा रॉजर वॉटर्स, ज्याने यातली गाणी लिहिली, त्याने तोच आरसा स्वतःच्या देशाकडे, पैशाच्या मागे धावणाऱ्यांकडे वळवला.

डुकराची गोष्ट तर मुलीने मला पाठ म्हणून दाखवली. ती इमारत म्हणजे लंडनचं बॅटरसी पॉवर स्टेशन. डिसेंबर १९७६ मध्ये तिथे हेलियम भरलेलं चाळीस फुटी डुक्कर दोराने बांधून फोटो काढायचे होते. पहिल्या दिवशी, दोर तुटलाच तर पाडायला म्हणून एक बंदूकवाला नेमबाजही ठेवला होता, पण त्या दिवशी डुक्कर काही उडालं नाही. पुढे दोर तुटला तेव्हा नेमबाज नव्हता, आणि डुक्कर गेलं उडत हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत, विमानं खोळंबली, शेवटी केंटमध्ये एका शेतात जाऊन पडलं आणि शेतकऱ्याच्या गाई बिथरल्या. कव्हरवरचं आभाळ आणि डुक्कर वेगवेगळ्या फोटोंतून जोडलंय, पहिल्या दिवशी आभाळ छान होतं म्हणून. हे सगळं सांगताना ती अशी फुलली होती, हातवारे करत होती, आणि मला एवढंच वाटत होतं की या पोरीला तिच्या डुकराबद्दल दोरापासून शेतापर्यंत सगळं ठाऊक आहे, आणि हिने आमच्या कुत्र्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो चालत नाही म्हणजे नाही.

मग मी माझ्या परीने सुरुवात केली. म्हटलं, मेंढ्यांचं म्हणशील तर ज्या शहरात आपण राहतो ते मेंढपाळांनी वाढवलेलं आहे. मल्हारराव होळकर धनगराचे, होळ गावचे म्हणून होळकर, बाप लवकर गेला म्हणून मामाकडे तळोद्याला वाढले, मेंढरं राखली. झोपलेल्या पोराच्या डोक्यावर नागाने फणा धरला ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलीय. धनगर दिवाळीच्या पाडव्याला मेंढरांची पूजा करतात, मेंढरू म्हणजे त्यांची लक्ष्मी, तिच्याच लोकरीचं घोंगडं. ती म्हणाली, ओके, म्हणजे तुमच्यात मेंढी चांगली. मग म्हणाली, पण बाबा, या गाण्यातल्या मेंढ्या पण शेवटी उठतात हं, कुत्र्यांना मारतात. आणि जिंकल्यावर त्यांना काय सांगितलं जातं माहितीये? म्हातारं व्हायचं असेल तर घरात बसा.

त्या गाण्याच्या मधे एक तुकडा आहे, बायबलमधलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र यंत्राच्या आवाजात म्हटलंय आणि मधेच फिरवलंय, म्हणजे तो मेंढपाळ शेवटी मेंढ्यांना आकड्याला टांगतो. ऐकताना मला एकदम बाणाई आठवली, खंडोबाची दुसरी बायको. खंडोबाने बाणाईसाठी तिच्या बापाकडे मेंढरं राखायची चाकरी धरली, मग सगळी मेंढरं मारली, आणि बाणाई देतो म्हटल्यावर पुन्हा जिवंत केली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण देव मेंढरं मारतो या जागेशी मी कधी थांबलोच नव्हतो. मुलगी थांबली. म्हणाली, मग बाबा तो चांगला मेंढपाळ का वाईट? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण प्रश्न घरात विचारला गेला याचा मला आनंद झाला हे खरं सांगतो.

मग कुत्रा. हे मला जरा सावकाश सांगायचंय.

अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटाला एक छोटंसं गाणं आहे, नुसती गिटार आणि आवाज, एकाच गाण्याचे दोन तुकडे. शेवटच्या तुकड्यात हा वॉटर्स, ज्याने एवढा वेळ कुत्र्यांवर तोंडसुख घेतलं, तो आपल्या माणसाला सांगतो की मीही कुत्राच आहे आणि कुत्र्याला घर लागतं, वरून उडणाऱ्या डुकरांपासून आसरा लागतो. हे ऐकलं आणि मी तिला म्हटलं, थांब, हा तर वाघ्या आहे. ती म्हणाली, कोण वाघ्या? सोळा वर्षांची मुलगी, आमच्या घरी जन्मली, दरवर्षी तळीचं खोबरं खाल्लं, आणि विचारते कोण वाघ्या. चूक तिची नाही.

मग सांगितलं. नवसाने देवाला वाहिलेला माणूस, कमरेला भंडाराची पिशवी, हातात कोटंबा म्हणजे भिक्षेचं पात्र, दिमडी, दारोदार वारी मागायची. तो स्वतःला खंडोबाचा कुत्रा मानायचा. जेजुरीला पूर्वी वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकायचे, कोटंब्यात वाढलेलं कुत्र्यासारखं तोंडाने खायचे. आपण चंपाषष्ठीला कुत्र्याला घास घालतो तो त्याच नात्याने. दोन्हीकडे माणूसच कुत्रा झालाय, पण तिकडे लांडीलबाडीला आणि शेवटी घरासाठी, इकडे देवाच्या उंबऱ्याशी पडून राहायला. आणि एकनाथांच्या भारुडातला विंचू? काम आणि क्रोध म्हणजे विंचू, चावला की घाम फोडणारा, सोळाव्या शतकात नाथमहाराज हेच तर करत होते, प्राणी दाखवून माणसाला ओळखायला लावत होते, आणि लोक चौकात उभं राहून ऐकत होते. आपण आज ते भारूड स्पर्धेत बसवतो, नऊवारी, पगडी, तीन मिनिटं, टाळ्या. विंचू म्हणजे काय हे त्या भारूड म्हणणाऱ्या मुलाला कुणी सांगितलेलं असतं का?

रागावू नका, पण हे मला बोलायचंच होतं. मंडळात आपण मुलांना स्टेजवर उभं करतो आणि पाठ केलेलं म्हणायला लावतो, त्यांनी विचारलं की मात्र आपल्याला अपमान वाटतो. ‘आपल्यात असंच असतं’ हे वाक्य आपण घरोघरी वापरतो आणि त्याला संस्कार म्हणतो. होळकरांच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं, म्हणजे खंडोबाचंच देऊळ आहे, किती जणांनी मुलांना आत नेऊन पाच मिनिटं थांबून काही सांगितलंय? आम्ही सराफ्याला खायला दर आठवड्याला जातो, मधे राजवाडा लागतो, मी एकदाही नेलेलं नाही.

आईचंही सांगतो. त्या रात्री आई पोस्टरसमोर बराच वेळ उभी होती. आबा, माझे वडील, कापडमिलमध्ये साच्यावर म्हणजे मागावर होते, मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो, थकलेल्या पगारासाठी पुढे किती वर्षं कागद घेऊन फिरले ते इथल्या पुष्कळ घरांना माहितीये. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघाले की आई अजून त्यांच्याच मिलची झांकी आधी शोधते. तर ती म्हणाली, “ही धुराडी आपल्या मिलसारखीच आहेत गं. भोंगा व्हायचा का इथे?” नात म्हणाली, माहीत नाही आजी. मग आईने विचारलं, आणि हे डुक्कर कोण? नातीने सांगितलं, वर बसलेले लोक. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग वरच दाखवलंय ते बरोबर आहे.”

पोस्टर अजून तिथेच आहे. घटाच्या दिवसांत त्यावर पडदा ओढायचा असं आजी-नातीचं परस्पर ठरलंय, मला विचारलेलं नाही.

पण मेंढ्यांचं काही मिटलेलं नाही. मुलगी आज इथे आलेली नाही. म्हणाली, तुम्ही जा, मी ऐकलंय सगळं. तिच्या वयाची इथे आज किती मुलं आहेत ते तुम्हीही बघताय, मीही बघतोय.

एक शेवटचं. त्याच आठवड्यात तिने देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला पत्रा, उचलला आणि मोबाइलचा टॉर्च लावून बघत बसली. चांदीचा, पणजीच्या वेळचा. घोड्यावर खंडोबा आणि म्हाळसा, ते अजून कळतात, खंडोबाच्या हातातली तलवार कळते, घोड्याचा लगामही कळतो. पण खाली घोड्याच्या पायाशी जो कुत्रा आहे तो चार पिढ्यांच्या चिंच-पितांबरीने इतका झिजलाय की नुसता उंचवटा उरलाय. तिने बोट फिरवून विचारलं, “आजी, हा कुत्रा आहे का मेंढी?” आईने चष्मा लावून बघितलं, मी बघितलं, आणि आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

झिजलेला टाक बदलतात, म्हणून मी आणि आई परवा सराफ्यात गेलो. सोनाराने ठसा दाखवला, घोडा होता, दोघं स्वार होते. म्हणाला, “इसमें नीचे कुत्ता नहीं आता माँजी, चलेगा ना?” आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

अजून विचारलेलं नाही.