प्लेटमधला समुद्र

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, तरी इथल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेट्री डिशमधला (जंतू वाढवायच्या उथळ बशीतला) पिवळसर थर घट्टच राहतो. हा थर जमतो तो अगरमुळे, आणि अगर काढले जाते जेलिडियम, ग्रॅसिलेरिया यांसारख्या तांबड्या समुद्री शेवाळांतून. ज्या खानदेशातली तापी थेट सुरतेपुढे जाऊन समुद्राला मिळते, त्या खानदेशातले विद्यार्थी समुद्राची ही वस्तू रोज हाताळत असतात.

१८८१च्या उन्हाळ्यात जर्मनीत जंतूंचा अभ्यास करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या प्लेटमधला जिलेटिनचा थर उकाड्याने वितळू लागला, तेव्हा त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातले अगर वापरून पाहायला सुचवले. एकदा गोठलेले अगर पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश तापमान लागते.

जंतूंना वाढायला अशी जागा देणारी शेवाळे स्वतः मात्र त्यांना अंगावर सहजासहजी बसू देत नाहीत. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात लाखोंच्या संख्येने जीवाणू असतात, आणि त्यांचा थर अंगावर साचला की शेवाळाचा सूर्यप्रकाश अडतो. खडकाला चिकटलेल्या शेवाळाला जागा सोडता येत नाही, म्हणून ते रसायनांनी स्वतःला राखते. तपकिरी शेवाळांत फ्लोरोटॅनिने नावाची अशी रसायने असतात. कित्येक तांबडी शेवाळे समुद्राच्या पाण्यातले ब्रोमीन घेऊन ते आपल्या रेणूंना जोडतात. त्यांतले ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे डेलिसिया पुल्क्रा आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते. जीवाणू रासायनिक खुणांवरून आपली संख्या ओळखतात आणि पुरेसे जमले की एकजुटीने थर बांधतात. या शेवाळातली फ्युरॅनोने नावाची रसायने त्या खुणांसारखीच दिसतात आणि जीवाणूंना न मारताही त्यांचा आपसांतला निरोप अडवतात.

शेवाळातली रसायने जीवाणूंना रोखतात का, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली चाचणी साधी असते. सावलीत वाळवलेल्या सरगॅसम या तपकिरी शेवाळाची पूड मेथॅनॉल या द्रावकात भिजवून अर्क काढतात, त्यात बुडवून सुकवलेली कागदी चकती जीवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवतात आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर राहू देतात. वाढ रोखली गेली, तर चकतीभोवती स्वच्छ वलय उमटते.

हे वलय म्हणजे औषध मात्र नाही. अर्कात अनेक द्रव्ये एकत्र असतात, ऋतू आणि किनारा बदलला की त्यांचे प्रमाणही बदलते, आणि जे जीवाणूला बाधते ते माणसाच्या पेशीलाही बाधू शकते. फ्युरॅनोनांची औषध होण्याची वाट याच विषारीपणाने अडवली आहे. रावेर-यावलच्या केळीबागांत फवारले जाणारे ‘सीवीड’ही याच घराण्यातले असले, तरी ते पिकाच्या वाढीसाठी असते, त्याला जंतुनाशक समजू नये.

सकाळी इनक्युबेटर, म्हणजे प्लेट ठरावीक तापमानात ठेवणारी पेटी, उघडतो. विद्यार्थिनी प्लेट उजेडासमोर धरते, आधी तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या मेथॅनॉलच्या चकतीभोवती काही उमटलेले नाही याची खात्री करते, आणि मग अर्काच्या चकतीवर पट्टी आडवी धरून एकदा आणि उभी धरून एकदा वलय मोजते. दोन्ही आकडे ती वहीत मिलिमीटरमध्ये लिहिते.