मृणाल गोरे: मोर्चातून सभागृहात

(दृश्य: गोरेगाव स्टेशनबाहेरची सकाळ. गर्दी, रिक्षा, भाजीच्या पाट्या.)

मार्च 1977. लोकसभेचे निकाल लागले आणि मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या. तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. मुंबईभर एकच घोषणा दुमदुमली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

घोषणा फक्कड होती, म्हणून पन्नास वर्षं होत आली तरी लोकांच्या तोंडी आहे. पण तिच्यामुळे मृणालताईंचं अर्धंच चित्र आपल्यापुढे राहिलं. डोक्यावर हंडा घेतलेल्या बायकांच्या पुढे चालणारी बाई सगळ्यांना ठाऊक आहे. सभागृहात नियमावर बोट ठेवून मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी, विधेयक मांडणारी, विरोधी पक्षनेतेपद सांभाळणारी बाई मात्र विसरली गेली. आज आपण मुद्दाम तिच्याकडे बघणार आहोत.

त्यांचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरचं आडनाव मोहिले. हुशार मुलगी, डॉक्टर होणार हे घरात ठरलेलंच होतं. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही मिळाला. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामाने असं काही ओढून घेतलं की शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या पूर्ण वेळ कामात उतरल्या. 1948 मध्ये सेवा दलातलेच केशव गोरे, म्हणजे सगळ्यांचे बंडू गोरे, यांच्याशी लग्न झालं आणि गोरेगाव हे घर झालं. दहाच वर्षांत, 1958 मध्ये, बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. वयाच्या तिशीत आलेलं वैधव्य, आणि मागे ना पैसा, ना राजकीय घराणं. त्या काळी अशा बाईला लोक ‘आता मुलीकडे बघ’ एवढंच सांगायचे. मृणालताईंनी मुलगीही वाढवली आणि कामही वाढवलं.

(दृश्य: गोरेगावातलं केशव गोरे स्मारक.)

त्या वेळचं गोरेगाव म्हणजे मुंबईचा शेवट. 1957 पर्यंत तर ते महापालिकेतही नव्हतं, ग्रामपंचायत होती. मृणालताईंची पहिली निवडणूक त्या पंचायतीचीच. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या, तेव्हा उपनगरांत माणसं भराभर येत होती. पाण्याच्या नळवाहिन्या मात्र त्यांच्या मागून, रमतगमत येत होत्या. झोपडपट्टीत तर उत्तर ठरलेलं असायचं: वस्ती अनधिकृत, म्हणून नळ नाही.

हंडे-कळशा घेऊन बायका महापालिकेच्या दारात गेल्या, त्याची ही पार्श्वभूमी. पाण्यासाठी रात्र जागणारी, नळावर भांडणारी, सकाळी कामाला उशीर झाला म्हणून बोलणी खाणारी बाईच होती. तिचा हा त्रास तोवर कुणी राजकारणात धरलाच नव्हता. मृणालताईंनी तो मोर्चाने रस्त्यावर आणला आणि लगेच सभागृहात त्याचा प्रश्न केला. पुढे आयुष्यभर त्यांची हीच रीत राहिली. आणि तो प्रश्न किती मुळातला होता, ते बघा: 2000 नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं ते डिसेंबर 2014 मध्ये.

1972 मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या आमदार झाल्या. दुष्काळाचं वर्ष. रेशनवर धान्य धड नाही, साखर नाही, रॉकेलच्या रांगेत अर्धा दिवस जायचा. तेव्हा उभी राहिली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती.

यातल्या ‘संयुक्त’कडे जरा थांबून बघायला हवं. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते आणि कमल देसाई समाजवादी. अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट. तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट. या पक्षांचे पुरुष नेते एका मांडवात बसले तरी वाद घालून उठायचे. या बायकांनी मात्र मुद्दे मोजके ठेवले: गोडेतेल, साखर, रवा, रॉकेल, आणि त्यांचे भाव. प्रत्येक घरात ज्याचा हिशेब बाईच करते, त्याच वस्तू. त्यामुळे कधी सभेला न गेलेली गृहिणीसुद्धा बाहेर पडली. लाटणं घेऊन मोर्चे निघाले. चाळीचाळींतून, गच्च्यांवरून थाळ्या वाजल्या. हजारो बायकांच्या हातातलं लाटणं सरकारला दिसत होतं, आणि आत विधानसभेत त्यांच्यातलीच एक उभी राहून साठेबाजांची नावं मागत होती. दोन्हीकडून कोंडी झाल्यावर मंत्र्याला ‘माहिती घेतो’ म्हणून सुटता येत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बायकांच्या राजकारणाचा हा सगळ्यात भरीव काळ. आणि त्याचं श्रेय कुणा एकीचं नाही, हे मृणालताईंच्या बाजूने बोलतानाही सांगितलंच पाहिजे.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या. वेश बदलून, घरं बदलत त्यांनी काही महिने काम चालू ठेवलं. वर्ष सरता सरता पकडल्या गेल्या आणि तुरुंगवास भोगून बाहेर आल्या, त्या थेट 1977 च्या निवडणुकीला सामोऱ्या गेल्या. लाटणे मोर्चातल्या अहिल्याताई रांगणेकरही त्याच लोकसभेत पोचल्या.

पंतप्रधान मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्य खातं देऊ केलं. त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या चाहत्यांपैकी कितीतरी जण आजही यावर हळहळतात. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेली, वस्त्यांमधली आजारपणं जवळून पाहिलेली ही बाई देशाची आरोग्यमंत्री झाली असती, तर? हळहळ मलाही वाटते. पण मंत्रिपद हे बक्षीस म्हणून न बघणारं माणूस आपल्याला इतकं विरळा भेटतं, की त्या नकाराचा मान ठेवावासा वाटतो. 1979 मध्ये जनता सरकारच कोसळलं.

दिल्लीहून त्या परत गोरेगावातच आल्या. नागरी निवारा परिषद उभी राहिली. कमाल जमीन धारणा कायद्यात जादा ठरलेली जमीन गरिबांच्या घरांसाठी आहे, ती बिल्डरांच्या घशात जाऊ नये, हा आग्रह. कोर्टकचेऱ्या, मंत्रालयाच्या खेपा, वर्षानुवर्षं. बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत सोबत होते. अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत 62 एकर जमिनीवर सहा हजारांहून जास्त घरं झाली.

(दृश्य: सोनोग्राफी केंद्राच्या दारावरची पाटी.)

ही पाटी तुम्ही पाहिली असेल: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. तिच्यामागच्या कायद्याचा माग काढत गेलात, तर महाराष्ट्राच्या विधानसभेत पोचाल.

मृणालताई 1985 मध्ये पुन्हा आमदार झाल्या. गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भपात करायचा, हा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालू होता. आत्ता थोडे पैसे घाला, पुढे हुंड्याचे लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती होत होत्या. स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि काही डॉक्टर अभ्यास करून विरोधात उभे राहिले. 1986 मध्ये मृणालताईंनी सभागृहात अशासकीय विधेयक आणलं. विरोधी बाकावरच्या आमदाराचं अशासकीय विधेयक सहसा मंजूर होत नाही. पण त्याने सरकारला बोलावंच लागतं. 1988 मध्ये सरकारने स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला.

पळवाटा राहिल्या, अंमलबजावणी ढिली राहिली. राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात 807. हा कायद्याचा पराभव म्हणायचा, की कायदा नसता तर काय झालं असतं याची धास्ती घ्यायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण 807 हा आकडा वाचताना आवाज स्थिर राहत नाही, हेही खरं.

ऐंशीचं दशक संपता संपता त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. नव्वदच्या दशकात सत्तरीकडे झुकलेल्या वयात एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध कोकणात उभ्या राहिल्या. 17 जुलै 2012 रोजी वसईत त्यांचं निधन झालं.

गोरेगावात आता एका उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. चांगलं झालं. पण त्यांची भाषणं विधानसभेच्या कार्यवाहीच्या जाड खंडांत पडून आहेत, आणि सहाव्या लोकसभेतल्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. राज्यशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने ती काढावीत, वाचावीत, मराठीत एका जागी आणावीत.