मागाआधी सूत

पत्रिकेवर ‘हातमागाची रचना’ असा विषय छापलाय आणि मागाकडे मी येणार आहे. पण माग चालायचा तर आधी सूत हवं. संग्रहालयात जुनं लुगडं मांडलेलं असतं, खाली पाटी असते ‘हातमागावर विणलेले’. सूत काढणारी बाई त्या पाटीवर कुठेच नसते, आणि याची मला मनापासून चीड येते.

जरा हिशेब करू. साधं नऊवारी, लांबी सव्वाआठ मीटर, पन्हा ११५ सेंटीमीटर. सेंटीमीटरला २० धागे धरले तर ताण्याला, म्हणजे लांबीच्या उभ्या धाग्यांना, १९ किलोमीटर सूत लागतं. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, सेंटीमीटरला १८ धरा, आणखी १७. एकूण ३६ किलोमीटर! चरख्यावर सराईत हात तासाला ३०० मीटरच्या आसपास काढतो. म्हणजे १२० तास, रोज सहा तास बसलं तर २० दिवस. तेच बिननक्षीचं लुगडं ताणा चढल्यावर दोन-तीन दिवसांत उतरतं. एका मागामागे सात-आठ चरखे हवेत. इंग्लंडात १७३३ साली जॉन केने दोरीने पळणारा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) काढला, विणकर वेगाने विणू लागले आणि सूत पुरेना. अनेक चात्यांचं (चाती म्हणजे सूत पिळणारी फिरती सळई) कताईयंत्र आलं ते त्यानंतर, १७६०च्या दशकात.

आता हात कसा चालतो ते बघा. तीन किलो कापसातली सरकी काढली की जेमतेम किलोभर रुई उरते. ती उन्हात वाळवून पिंजायची. ओलसर राहिली तर तातीला, म्हणजे पिंजायच्या धनुकलीच्या दोरीला, चिकटते आणि गुठळ्या सुतात उतरतात. मग काडीवर गुंडाळून वीतभर पेळू करायचा, हलक्या हाताने. घट्ट वळला तर तंतू सुटतच नाहीत. विसाव्या नंबरच्या सुताला (नंबर म्हणजे बारीकपणाचं माप) सेंटीमीटरला साधारण सात पीळ लागतात. हातभर, म्हणजे ६० सेंटीमीटर धागा ओढला तर ४२० पीळ झाले. चाकाच्या एका फेरीला चाती ५५-६० वेळा फिरते, म्हणजे सात-आठ फेऱ्या. मग चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि धागा गुंडाळायचा. पीळ कमी पडला तर तंतू सरकून धागा सुटतो, जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वेटोळी घालतो. (आपण माणसाच्या पिळाबद्दल बोलतो, तेव्हा शब्द इथूनच घेतलेला असतो.) धागा तुटला तर गाठ मारायची नाही. टोकाचा पीळ उकलून तंतू पसरायचे, पेळूच्या तोंडावर ठेवायचे आणि चाक फिरवायचं, सांधा आपोआप धरतो.

पाचच मिनिटं राहिली, तर माग थोडक्यात. ताण्याला खळ हवीच; ज्वारीची किंवा तांदळाची पातळ पेज कुंच्याने एकाच दिशेने फिरवायची. दाट झाली तर धागे एकमेकांना चिकटतात, पातळ झाली तर धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीत घासून लव सुटते. धोटा या हातातून त्या हातात जायचा, म्हणून एका विणकराच्या कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पोहोचीपुरता. माग खड्ड्यात असायचा, पायाने दाबायच्या पावड्या खाली. जमिनीची ओल ताण्याला मिळते आणि ओलसर कापसाचं सूत जास्त ताण सोसतं. वैशाखाच्या कोरड्या हवेत तेच तडातड तुटतं.

टेबलावर दोन लड्या ठेवल्यात, एक ताण्याची, एक बाण्याची. जाताना ओढून बघा. पिळातला फरक बोटांना लगेच कळेल.