आकड्याआधी नाडी

(नागपुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात कोरोनाच्या काळात घेतलेला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर पडून असेल. आज घरी गेल्यावर आधी त्यातले सेल बघा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल पाझरतात, पट्ट्या गंजतात आणि नेमक्या वेळी यंत्र लागत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात शेजारचा मुलगा रात्री धावत आला. "काकू, आईचं ऑक्सिजन पडून राहिलं, ८४ दाखवते!" घरात एक जण फोनवर बेड शोधत होता, दुसरा सिलिंडर. आई कुलरच्या थेट समोर बसलेली, बोटं गारठलेली. मी मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, ती भरली ८८. यंत्र मात्र नाडी ५२ सांगत होतं. ज्याला नाडीच सापडली नाही, त्याच्या ८४ वर विश्वास कसा ठेवायचा? कुलर बंद केला, हात चोळून ऊब आणली. थोड्या वेळाने यंत्रावर नाडी जुळली आणि ऑक्सिजन दिसला ९७.

यंत्राचं पूर्ण नाव पल्स ऑक्सिमीटर. आपण त्यातला पल्स, म्हणजे नाडी, सोडून देतो, आणि सगळी करामत तर तिथेच आहे. ताकुओ आओयागी नावाचे जपानी अभियंते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायचा प्रयत्न करत होते. नाडीच्या ठोक्यांनी त्यांचं मोजमाप सारखं हलायचं. हा व्यत्यय काढता काढता त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्याबरोबर जेवढं हलतं तेवढंच धमनीतलं रक्त. त्यातूनच १९७४ मध्ये हे तंत्र जन्मलं. आजही यंत्र बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश सोडतं आणि ठोक्यागणिक प्रत्येक किती शोषला जातो ते ताडून ऑक्सिजनचा आकडा काढतं. एप्रिल २०२० मध्ये आओयागी गेले. जगभर घरोघरी त्यांचं यंत्र पोचत होतं, तेव्हाच. मला त्याची फार हुरहूर वाटते.

म्हणून पाच मिनिटं शांत बसा. हात गरम, छातीच्या उंचीला टेकवलेला, नखावर गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नको. बोट आत पूर्ण सरकवा, मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावू द्या. नाडी मनगटाशी जुळली तरच ऑक्सिजन वहीत लिहा. एक-दोन अंकांचा फरक यंत्राचा स्वतःचाच असतो, ९६ चे ९५ झाले म्हणून झोप उडवू नका. एरवी ९५ किंवा त्याच्या वर ठीक. ९० ते ९४ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या गरम बोटावरही ९० च्या खाली आलं तर १०८ लावा. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, तो वेगळा असू शकतो.

आकडा चांगला आणि माणूस वाईट, असंही होतं. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांना कार्बन मोनॉक्साइड बाधतो, पण यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं आणि खुशाल ९८ दाखवतं. रक्त कमी असलेल्यांचंही तसंच. गाडीला दहा डबे असोत की पाच, डबे ऑक्सिजनने भरलेले असले की यंत्र 'भरली' म्हणणार. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांच्या बाबतीतही हा आकडा चुकू शकतो. धाप लागली असेल, ओठ निळसर पडले असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर ९७ बघून घरी बसू नका.

यंत्र पाण्यात बुडवायचं नाही, त्यावर स्पिरिट ओतायचंही नाही. कापसाला थोडं स्पिरिट लावून आतल्या रबरी गाद्या पुसा, वाळू द्या. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका.

आता सगळ्यांनी मनगट पुढे करा. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा. त्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला की मोजायला लागा.