काँक: चोरून आणलेली श्रद्धा

(पहाट. दरीभर धुकं. लांबून घंटेचा आवाज.)

धुकं अजून खालीच आहे. त्यातून आधी चर्चचे मनोरे वर येतात, मग छपरं, मग डोंगराला बिलगून बसलेलं सगळं गाव. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातलं हे काँक. खालून वाहते ती दुर्दू नदी, आणि खडकातून वाट काढत तिला येऊन मिळते ती ऊश. लॅटिनमधल्या 'कोंका', म्हणजे शिंपल्यावरून गावाला हे नाव पडलं असं सांगतात. आपला शंख त्याच शब्दाचा लांबचा नातेवाईक. समोरच्या बांकारेलच्या कड्यावरून पाहिलं की त्या नावाची खूण पटते. उघड्या शिंपल्याच्या आकाराची दरी आणि तिच्या आत गाव.

(गल्ल्या. छपरांची जवळून दृश्यं.)

छपरांवर कौलं नाहीत, पातळ चपटे दगड आहेत. इथल्याच डोंगरातला हा थरांचा दगड. माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक चढवून बसवलेला, ऊन पडलं की रुपेरी दिसणारा. भिंतींना लाकडाच्या चौकटी, मधे दगड-मातीचं भरण. उतार इतका तीव्र की खालच्या गल्लीतून घरात शिरावं, जिना चढावा, आणि मागच्या दारानं वरच्या गल्लीत बाहेर पडावं.

भोवतालच्या रानात चेस्टनटची झाडं. इथं गहू फारसा पिकत नसे, तेव्हा लोकांचं पोट या झाडानं भरलं. म्हणून त्याला भाकरीचं झाड म्हणत. ऑक्टोबरात काटेरी फळं तडकतात, आतले दाणे गोळा करून दगडी खोपट्यांत मंद धुरावर वाळवत. ही खोपटी लक्षात ठेवा. गोष्टीत ती पुन्हा येणार आहेत.

(चर्चचा दर्शनी भाग.)

एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं? उत्तर सरळ आहे. चोरीमुळे.

आजां नावाच्या शहरात, परंपरेनुसार इसवी सन 303 च्या सुमाराला, बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला ख्रिस्ती धर्म सोडत नाही म्हणून रोमन अधिकाऱ्यानं ठार मारलं. तिचं नाव फ्वा. या नावाचा अर्थच श्रद्धा. आपल्याकडे कुठल्याही वर्गाच्या हजेरीपटात एखादी सापडतेच. ती संत झाली, सेंत फ्वा, आणि तिच्या अस्थींच्या दर्शनाला आजांमध्ये गर्दी होऊ लागली.

काँकच्या मठाकडे तेव्हा असं काहीच नव्हतं. मग इथला एक साधू आजांला गेला, तिथल्या मंडळीत मिसळला आणि, मठाचीच कथा सांगते त्याप्रमाणे, तब्बल दहा वर्षं त्यानं विश्वास कमावला. शेवटी समाधीची राखण त्याच्याकडेच आली. एके रात्री अस्थी घेऊन तो पसार झाला. हे साल 866 च्या आसपासचं. यात मला गंमत वाटते ती मठाच्या सुराची. चोरी लपवलेली नाही, उलट मोठ्या अभिमानानं लिहून ठेवली आहे. युक्तिवाद असा की संताच्या मनात नसतं, तर तिनं स्वतःला हलवू दिलं असतं का?

(खजिन्याची खोली. मंद प्रकाश. सोन्याची मूर्ती.)

आणि ही ती, त्या अस्थी जपायला केलेली सेंत फ्वाची मूर्ती. उंची अवघी 85 सेंटिमीटर. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. चेहरा मात्र मुलीचा वाटत नाही. कारण हा मुखवटा तिच्यासाठी घडवलेलाच नव्हता. तो रोमन काळाच्या अखेरचा आहे, बहुधा कुणा सम्राटाचा. अंगावर रत्नं, स्फटिक, कोरीव खडे. त्यांतले काही मूर्तीपेक्षाही जुने, रोमन देवादिकांची चित्रं कोरलेले. शतकानुशतकं ज्यानं जे वाहिलं, ते तिच्या अंगावर चढत गेलं.

1013 मध्ये बेर्नार नावाचा एक विद्वान इथे आला. आंझे शहरात शिकवणारा, उत्तरेकडचा माणूस. वाटेत अशा मूर्तींपुढे माथा टेकणारे लोक पाहून त्याला हसू आवरेना. सोबत्याला तो लॅटिनमधून खोचकपणे म्हणाला की हे तर ज्युपिटर नाहीतर मार्स या जुन्या रोमन देवांच्या पुतळ्यापुढे बसण्यासारखंच आहे. काँकमध्ये मात्र लोकांच्या तोंडून एकेक हकिगत ऐकता ऐकता त्याचा ताठा उतरला. आपल्या हसण्याचा त्याला पश्चात्ताप झाला आणि तिच्या चमत्कारांचा ग्रंथ तोच लिहू लागला.

त्यातली सेंत फ्वा फार लोभस आहे. ती खोडकर आहे, हट्टी आहे, आणि दागिन्यांची तिला भारी हौस. एखाद्या बाईच्या स्वप्नात जाते आणि तिच्या बोटातली अंगठी मागते. टाळाटाळ केली तर दुखणं मागे लावते, अंगठी मिळाली की बरं करते. हे वाचताना फ्रान्स क्षणभर दूर राहत नाही. नवस फेडायला विसरलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो आहोत.

कैदी सोडवणं हे तिचं दुसरं काम. सुटलेले कैदी आपल्या बेड्या घेऊन इथे येत, आणि त्यांच्याच लोखंडातून चर्चमधल्या या जाळ्या घडवल्या, असं मानतात. हात लावून पाहा, थंडगार लागतात.

(पश्चिमेचं प्रवेशद्वार. कॅमेरा कोरीवकामावरून सावकाश सरकतो.)

दारावरचं हे कोरीवकाम बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. विषय अखेरचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती होणारा पापपुण्याचा निवाडा. एकूण 124 आकृत्या, आणि निळ्या-तांबड्या रंगाचे अंश अजून शाबूत. मधे ख्रिस्त, त्याच्या एका हाताला स्वर्ग, दुसऱ्या हाताला नरक. स्वर्ग शिस्तीचा आहे, कमानीखाली सगळे नीट ओळीत बसलेले. खरं सांगायचं तर डोळा नरकाकडेच जातो. गळ्यात थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकलाय. गर्विष्ठ सरदार घोड्यासकट उपडा पडलाय. खोटी नाणी पाडणाऱ्याला त्याच्या हत्यारांसकट पकडलंय. आणि इथे पाहा, एका माणसाला सळीवर भाजणाऱ्या सैतानाचं तोंड चक्क सशाचं. हा माणूस चोरून शिकार करणारा, असं म्हणतात.

मधोमध आत्म्यांचं वजन चाललंय. एका बाजूला देवदूत मिखाएल, दुसऱ्या बाजूला सैतान. नीट बघा, सैतानानं हळूच पारड्यावर बोट ठेवलंय. काटा मारतोय! बाजारातून आलेल्या माणसाला हे समजायला लॅटिन यायची गरज नव्हती.

आणि स्वर्गाच्या बाजूला एका कोपऱ्यात ती आहेच. देवाच्या हातापुढे लवलेली, मागे टांगलेल्या बेड्या. अगदी वर, कमानीच्या कडेला, दगडाच्या पट्टीमागून काही चेहरे डोकावताहेत. लोक यांना 'कुतूहलवाले' म्हणतात. तमाशा चुकू नये म्हणून फळीच्या मागे लपलेली पोरंच जणू.

(चर्चच्या आत.)

आत सुमारे 22 मीटर उंची, आणि त्या मानानं रुंदी कमी. वेदीच्या मागून गोल फिरून येणारी वाट यात्रेकरूंसाठीच आखलेली. मराठी माणसाचे पाय सवयीनंच प्रदक्षिणेला वळतात.

आता प्रकाश बघा. या खिडक्यांना रंग नाही, चित्र नाही, काळ्या तिरक्या रेषा तेवढ्या. अशी एकूण 104 तावदानं 1994 मध्ये पूर्ण झाली, चित्रकार पिएर सुलाझ यांच्या हातून. जन्म जवळच्याच रोदेझचा. लहानपणी शाळेच्या सहलीत ते या चर्चमध्ये आले होते. जन्मभर काळ्या रंगात काम केलेल्या या माणसानं इथे उजेड येईल पण पलीकडचं दिसणार नाही अशी काच मुद्दाम तयार करून घेतली. सकाळी ती निळसर असते, दुपारनंतर उबदार होते. सुरुवातीला अनेकांना ती रुचली नाही. मला विचाराल तर दगडाचा रंग एरवी कळलाच नसता.

(जुनी खोपटी. रानातली पाऊलवाट.)

आता त्या खोपट्यांकडे येऊ. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चचं सोनंनाणं जप्त होऊन वितळू लागलं. काँकच्या लोकांनी खजिना वाटून घेतला आणि परसात, बागेत, चेस्टनट वाळवायच्या खोपट्यांत दडवला. वादळ सरल्यावर तो परत आणला. मूर्ती आज आपण पाहतो ती त्यामुळे. चोरीनं आलेली वस्तू गावानं मात्र प्रामाणिकपणे सांभाळली.

इमारतीची दशा तोवर वाईट झाली होती. साधूंचं अंगण बरंचसं पाडलं गेलं होतं, त्याचे दगड गावातल्या घरांना लागले. 1837 मध्ये सरकारी स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे फिरत फिरत इथे पोचले. अशा आडरानात एवढी संपत्ती असेल याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्यांच्या अहवालानंतर दुरुस्तीला गती आली.

(दुर्दू नदी. जुना पूल. पाठीवर पिशव्या घेतलेले वाटसरू.)

ल प्युई गावापासून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणारी यात्रेकरूंची पायवाट सुमारे 200 किलोमीटर चालून काँकला येते आणि या पुलावरून पुढे जाते. याला 'रोमन पूल' म्हणतात, पण रोमनांशी त्याचा संबंध नाही. इथल्या जुन्या बोलीत 'रुमिउ' म्हणजे यात्रेकरू, त्याचाच हा अपभ्रंश.

पुलापलीकडे खडी चढण. रात्री पाऊस झाला असेल तर पायाखाली पानांचा चिखल. अर्ध्या वाटेवर सेंत फ्वाची छोटी देवळी आहे, जवळच डोळ्यांच्या विकारांवर गुणकारी मानलेला झरा. वाटसरू पाणी डोळ्यांना लावतात, मागे वळून गावाकडे एकदा बघतात, आणि देवळीची दोरी ओढतात.

(घंटा वाजते. दरीत आवाज उतरत जातो.)