तिसऱ्या वाढदिवसाआधी

नमस्कार. सुरुवातीलाच सांगते, मी वकील नाही. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, जर्मनीत काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली, मुलगी झाली आणि तीन वर्षं घरी राहिले. नोकरी मुदतीच्या कंत्राटावरची होती. एल्टर्नत्साइट, म्हणजे मूल सांभाळण्यासाठीची रजा, चालू असतानाच मुदत संपली. बाळंतपणाच्या रजेमुळे मुदत आपोआप वाढते असा माझा समज होता. तसं नसतं. तर मुलगी तीन वर्षांची आणि आई बेरोजगार, अशा अवस्थेत मी आर्बाइट्सआगेन्टूरच्या, म्हणजे इथल्या रोजगार कार्यालयाच्या, खुर्चीत जाऊन बसले. तिथे आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे बेकारी भत्ता, मागताना ज्या चुका केल्या, त्याच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी त्या शब्दाचं बघू. घरी फोनवर ‘बेकारी भत्ता’ म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझ्या नवऱ्याला चांगला पगार आहे ना, मग तुला कशाला सरकारचे पैसे?” आर्बाइट्सलोझनगेल्ड म्हणजे सरकारी मदत नव्हे, तो विमा आहे. २०२५ मध्ये त्याचा हप्ता पगाराच्या २.६ टक्के होता, निम्मा तुमच्या पगारातून, निम्मा कंपनीकडून. नवऱ्याला किती मिळतं, बँकेत किती आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. ते प्रश्न दुसऱ्या, गरजूंसाठीच्या मदतीचे. आपल्याकडे व्हिसाची धास्ती असते म्हणून हेही सांगते. हप्ते भरून मिळवलेली रक्कम म्हणजे सरकारी पैशांवर जगणं असं परदेशी नागरिकांचा इथला कायदा धरत नाही. मात्र ज्यांचा परवानाच नोकरीवर उभा आहे, ब्लू कार्डवाले (उच्चशिक्षितांच्या नोकरीसाठीचा परवाना) वगैरे, त्यांनी नोकरी मुदतीआधी गेल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायलाच हवं. ते विसरू नका.

आता मुख्य गोष्ट. नियम असा, की गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने तुम्ही विम्यात असायला हवं. हे वाचून मी घरीच हाय खाल्ली होती. तीन वर्षांत एक दिवस काम नाही, कुठून आणू बारा महिने? पण सामाजिक कायद्याच्या तिसऱ्या पुस्तकात कलम २६ आहे. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत त्याला सांभाळण्यात गेलेला काळ विम्याचाच काळ धरतात, आणि त्यासाठी तुम्हाला हप्ता भरावा लागत नाही. रात्री तीनला उठून दूध पाजलं ते दिवस तिथे नोकरीच्या दिवसांसारखे मोजले जातात. मधेच कंत्राट संपलं तरी मोजणी थांबत नाही. मला त्या क्षणी रडू आलं होतं, हे सांगायला हरकत नाही.

पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, मूल होण्याच्या लगेच आधी तुम्ही विम्यात असायला हवं, म्हणजे नोकरीत, किंवा आर्बाइट्सलोझनगेल्ड घेत. नवऱ्यामागे इथे आलेल्या आणि अजून नोकरीच न केलेल्या मैत्रिणींना हा रस्ता बंद आहे. मला ते पटत नाही, पण कायदा तसा आहे. दुसरी अट, त्या काळात तुमचं आणि मुलाचं नेहमीचं राहणं जर्मनीत हवं. आपल्याकडे बाळ-बाळंतीण माहेरी जातात, मग पाचवा महिना उलटतो, मग उष्टावण, मग दिवाळी, आणि वर्ष निघून जातं. सुट्टी म्हणून गेलात तर ठीक. पण इथलं बिऱ्हाड मोडून बाळाला घेऊन वर्षभर सोलापुरात राहिलात, तर ते महिने मोजले जाण्याचा भरवसा नाही.

आणि तिसरा वाढदिवस. एल्टर्नत्साइटमधले २४ महिने तिसऱ्या ते आठव्या वाढदिवसाच्या मधे घेता येतात, म्हणून अनेक जणी ‘अजून रजा बाकी आहे’ म्हणून निवांत असतात. नोकरीवरचा हक्क त्या रजेत टिकतो, पण विम्याची मोजणी केक कापला त्या दिवशी थांबते. हिशेब करून बघा. तिसऱ्या वाढदिवसापासून १८ महिने उलटले की मागच्या ३० महिन्यांत विम्याचे जेमतेम बारा उरतात, आणि त्यानंतर तेवढेही नाहीत. मूल साडेचार वर्षांचं झाल्यावर ‘आता जाते’ म्हणालात, तर दरवाजा बंद झालेला असतो. दुसरं बाळ पहिलं तीन वर्षांचं व्हायच्या आत झालं, तर मोजणी न तुटता पुढे चालते.

किती महिने मिळतात ते झटपट सांगते. १२ महिन्यांच्या विम्यावर सहा महिने, २४ महिन्यांच्या विम्यावर बारा. पन्नाशीच्या आतल्यांना बारापेक्षा जास्त नाही.

रक्कम किती, इथे मात्र मी सपशेल आपटले. मूल असेल तर हिशेबी निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, मूल नसेल तर ६०. पण कोणता पगार? गेल्या वर्षातला, आणि गरज पडली तर दोन वर्षांतला. त्यात किमान १५० दिवसांचा खरा पगार सापडायला हवा. वर्षभराने परतलेल्या बाईला तो सापडतो. ढोबळ मानाने एकोणीस महिन्यांहून जास्त पगाराविना गेले, तर सापडत नाही. मग तुमचा जुना पगार कितीही असो, बाजूला पडतो आणि काल्पनिक पगार लावतात. अशा हिशेबाला कासेलच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवलं आहे, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

वाद घालायचाच तर गटावर घाला. काल्पनिक पगाराचे चार गट आहेत: विद्यापीठाची पदवी, मग माइस्टर (कुशल कारागिराची वरची पात्रता) किंवा तत्सम, मग आउसबिल्डुंग (व्यवसाय-प्रशिक्षण), आणि शेवटी काहीच शिक्षण नाही. २०२५ च्या आकड्यांत पहिल्या गटाला दिवसाला १४९.८० युरो धरतात, शेवटच्याला ७४.९०. बरोब्बर निम्मे. हा पगाराचा आकडा झाला, हातात मात्र त्यातून कपात होऊन उरलेल्याचे ६७ टक्के येतात. मी पहिल्या भेटीला पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला, भाडेकरार, सगळं नेलं. पदवीचं प्रमाणपत्र पुण्याच्या कपाटात. गट ठरतो तो तुमच्यासाठी कोणत्या प्रकारचं काम शोधायचं त्यावर, आणि समोरच्या माणसाला मी इंजिनिअर आहे हे कळणार कसं? बेशाइड, म्हणजे कार्यालयाचं निर्णयपत्र, आलं, त्यात खालचा गट. लेखी हरकत घ्यायला एक महिना असतो. मी घेतली, परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या बॉनच्या कार्यालयाचा दाखला जोडला, आणि आकडा सुधारून आला. एल्टर्नत्साइटमध्ये बाळ झोपलं की आधी हा दाखला मागवून ठेवा.

आणखी एक खड्डा, आपल्या घरांत हमखास सापडणारा. नवरा कर-वर्ग तीनमध्ये, जिथे पगारातून कर कमी कापतात, आणि बायको पाचमध्ये, जिथे जास्त. घरी असताना त्याने काही बिघडत नाही. पण आर्बाइट्सलोझनगेल्ड काढताना वर्षाच्या सुरुवातीला तुमचा जो कर-वर्ग असतो तो लावतात, आणि पाचमध्ये निव्वळ पगार फार कमी दिसतो. हक्क ज्या वर्षी सुरू होणार, त्याच्या आधीच्या वर्षातच बदलून घ्या. जानेवारीनंतरची धावपळ बहुतेकदा कामाला येत नाही.

आता तो प्रश्न, ज्याला मी सगळ्यात वाईट उत्तर दिलं. आठवड्याला किमान १५ तास काम करायला तुम्ही मोकळ्या असायला हव्यात, तरच तुम्ही बेरोजगार, नाहीतर नुसत्या घरी असलेल्या. समोरच्या बाईंनी विचारलं, “मुलीला कोण सांभाळणार?” मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, “आई येणार आहे पुण्याहून.” त्यांनी शांतपणे विचारलं, “किती दिवसांसाठी?” शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मी गप्प. किटाचा (पाळणाघराचा) करार, टागेसमुटरचं (मुलं सांभाळणाऱ्या बाईचं) पत्र, किंवा नवऱ्याने लिहून दिलेलं त्याचं वेळापत्रक, असं काहीतरी हातात हवं. १ ऑगस्ट २०१३ पासून पहिल्या वाढदिवसानंतर प्रत्येक मुलाला सांभाळाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क आणि जागा यांच्यात आपल्या शहरात किती अंतर आहे ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळचेच चार तास जमत असतील तर तसं सांगा. अर्धवेळ चालतं, फक्त रक्कम त्या प्रमाणात कमी होते. पूर्णवेळ जमेल असं खोटं सांगून अडकू नका, आणि पूर्णवेळ खरंच जमत असेल तर संकोचाने कमी तासही सांगू नका. आपल्या बायका दुसरी चूक जास्त करतात.

स्वतः राजीनामा दिलात तर १२ आठवडे पैसे बंद, शिवाय एकूण मुदतीतला किमान चौथा भाग वजा. कंपनी गोड बोलून नोकरी सोडण्याच्या सहमतीच्या करारावर सही मागते, तिथेही तेच. ठोस कारण असेल तर सुटका होते, पण ते कागदावर दाखवावं लागतं. म्हणून सही करण्याआधी थांबा, सल्ला घ्या. नोकरी संपणार हे कळलं की तीन महिने आधी नोंद करायची, तीन महिने शिल्लक नसतील तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला तर आठवडाभराचे पैसे जातात. ही झाली काम शोधत असल्याची नोंद. बेरोजगार असल्याची नोंद वेगळी, आणि ती केल्याच्या आधीच्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मी एक सोमवार आळस केला होता.

प्रश्न आता विचारा. ज्यांनी बेशाइड सोबत आणलंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या, आधी त्यावरची तारीख बघू.